सजा, गाळा क्रमांक एकशे चौदा

गावाचं नाव सजा.
पहिल्या फोनला आई दचकली होती.
तलाठ्याची असते ना, तसली सजा, म्हणालो मी,
शारजाच्या बाहेर, वाळूत, भंगाराची.

पंप लिलावातून आला.
चष्म्याच्या काचांवर मुलामा चढवणारा
कुठलासा कारखाना बुडाला, त्याचं सामान तीन ट्रक.
गुल रहीमने तो किलोवर घेतला
आणि विकणार नगावर.
मधला फरक म्हणजे मी.

खिडकीची काच पुसली तर आत तेल नाही, ताक.
खाडीची दमट हवा पोटात घेऊन
वर्षभर बंद पडलेला.
शफीकुलने बादली धरली. तीनदा धुतला.
पाती काढली, तर एकीची कड
जुन्या विळीसारखी मधोमध खाल्लेली.
नव्या पात्याला दुबईत तीनशे दिरहम.
उलटी फिरवून बसव, म्हणाला गुल रहीम.
मी बसवली नाही. भांडण झालं.
शेवटी तीनशे त्याने दिले,
माझ्या पगाराच्या वहीत लिहून.

रबरी कड्याला उघडं बोट लावायचं नाही,
हे लोट्याच्या रसायन कारखान्यात पिरजादे मिस्त्रींनी
पान्याने हळूच हातावर मारून शिकवलेलं.
बोटाचा ठसा, ते म्हणायचे, आत रात्रभर वाफ सोडत बसतो,
काट्याला खाली उतरू देत नाही.
सगळी हवा जाते रे. माणूस जात नाही.

तोंडावर झाकण आवळलं. बटण.
आधी घुरघुर, कफ दाटल्यासारखी,
मग आवाज बारीक झाला, काटा कलला.

पंप ओढतो असं लोकांना वाटतं.
वरवर ओढतोही.
पण पार खाली, जिथे हवा विरळ होते,
तिथे कुणी कुणाला ढकलत नाही.
एकेक कण एकटा, भिंतींवर आपटत फिरतो,
आणि चुकून तोंडाशी आलाच
तर तेवढा परत जात नाही.
मलाही कुणी ओढून आणलेलं नव्हतं.

गिऱ्हाईक अल ऐनहून आलं,
कॉलेजच्या प्रयोगशाळेतला सुदानी, अब्देलमोनेम.
नेमका तेव्हाच पंप वाजू लागला:
टक. टक. टक. टक.
हा आजारी आहे, तो म्हणाला.
गुल रहीमने माझ्याकडे पाहिलं.

थोडं हिंदीत, थोडं अरबीत, बाकी हातांनी सांगितलं:
हवा असते तोवर मध्ये उशी असते.
हवा खलास झाली की तेल सरळ लोखंडावर आपटतं.
ठोका ऐकू येतो म्हणजे बरा झालाय.

त्याने कान लावला.
बराच वेळ लावून ठेवला.
खार्तूममध्ये असाच एक होता, म्हणाला,
आम्ही निघालो तेव्हा चालूच होता.
पुढे काही बोलला नाही,
पण भावात दोनशे कमी करून घेतले ते घेतलेच.

पिकअपमध्ये चढवण्याआधी
झाकण काढून मी तोंड दाखवलं.
त्याने उघडी तर्जनी कड्यावरून फिरवली,
सगळीकडून, सावकाश,
जशी लहान मुलाच्या हिरड्यांवरून फिरवतात.

कापड माझ्या खांद्यावरच होतं.
मी पुसलं नाही.
झाकण लावलं, बोल्ट आवळले.
तिकडे अल ऐनला पहिल्या रात्री
काटा थोडा वरच अडेल.