बाजू

सोमवारी सकाळी सहाला
आपियातला रस्ता बाजू बदलणार होता.
डांबर तेच, खड्डे तेच,
बंदराजवळचं वळण तेच,
फक्त आजवर जे बरोबर होतं
ते सहा वाजून एका मिनिटाला गुन्हा ठरणार होतं.

रविवारी प्रार्थनेहून आल्यावर
मी दोन्ही हात मांडीवर घेऊन बसलो.
एकतीस वर्षं बस हाकलेले हात.
म्हटलं, उद्यापासून डावीकडून.
डावा काही बोलला नाही,
त्याला डावललं जायची सवय.
उजव्यानं मात्र विचारलं,
कुणी ठरवलं?

सरकारनं ठरवलं.
म्हणे, डावीकडून चालवणाऱ्या देशांतल्या गाड्या स्वस्त पडतात.
ऑकलंडहून माझी लेक लोसा फोनवर हसली :
बाबा, इथं सगळे असंच चालवतात, कुणी मेलं नाही.
हे काही खरं नसणार.
पण लेक एवढ्या लांब असली
की तेवढं चालवून घ्यावं.

सहाला दहा कमी असताना रेडिओ म्हणाला, थांबा.
सगळं थांबलं.
डुकरं घेऊन निघालेला पिकअप,
पाद्रीबाबांची पांढरी मोटार,
माझी निळी लाकडी बस, आत कुणीच नाही.
एवढी शांतता मी वादळाआधीच ऐकली आहे.
मग परक्याच्या घरात चपला काढून शिरावं
तसे एकेक करत
आम्ही पलीकडे गेलो.
कठड्यावर बसलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

कायदा पाळणं सोपं होतं.
जड गेलं ते मालाकी न भेटणं.
बाजारापाशी त्याची लाल बस समोरून यायची,
आमच्या दोन खिडक्या हातभर अंतरावरून सरकायच्या,
तेवढ्यात एक तालोफा, कधी एक सिगारेट,
एकदा तर त्याच्या नातवाचं नाव ठरलं.
(हेही नियमात बसत नव्हतंच.)
आता माझ्या खिडकीला गटार आणि जास्वंद,
त्याच्या खिडकीला पलीकडचं गटार,
आणि मधे आमची दोन दारं, समोरासमोर,
माणसं भर रस्त्यात ओतणारी.

दार. खरं दुखणं ते.
सार्जंट एनेले म्हणाला, रहदारीत प्रवासी उतरवायचा नाही,
दंड होईल, आणि दंडाचं सोड, माणूस जाईल.
भाचा करवत घेऊन आला.
बसची दुसरी कूस उघडताना
त्या जुन्या लाकडातून वास आला,
तिलाही आपण झाड होतो ते आठवलं असावं.
उजवीकडचं दार खिळे ठोकून बंद केलं.
म्हातारे अजून तिथंच येऊन उभे राहतात.

तिसऱ्या आठवड्यात, बेकरीसमोर,
सिलीपा पावांची टोपली कडेवर घेऊन निघाली.
तिनं आधी डावीकडे पाहिलं,
नीट पाहिलं, लहानपणी शिकवलं होतं तसं,
रस्ता मोकळा होता,
पाऊल टाकलं.
मी उजवीकडून येत होतो.

वेग सांगितला तेवढाच.
बाजू सांगितली तीच.
मी ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो.
बस तिच्या कोपरापाशी थांबली, पाव सगळे रस्त्यावर.
तिनं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला,
आंधळ्या, चुकीच्या बाजूनं येतोस!

मी म्हणालो नाही, की बाजू बरोबर आहे.
बरोबर बाजूनंच मी तिला मारली असती.

नव्या दारानं उतरलो, पाव वेचले.
तेव्हापासून समोर कुणी आलं
की मी त्याचं तोंड बघतो,
ते अजून कुठल्या जुन्या दिशेला वळतं.
सरकारी पुस्तिका मी दोनदा वाचली.
हे तिच्यात नाही.

आज शाळेपाशी लाल बस गेली.
मालाकीनं दोनदा भोंगा वाजवला.
शाळेपाशी भोंग्याला मनाई आहे.
मी एकदाच वाजवला,
हळू.