मंगळवारचं कातडं

दिवसभर मी माणसांच्या कातडीआतलं बघते.
बरगड्या, घोट्यातली केसाएवढी भेग,
पोराने गिळलेलं नाणं.
श्वास धरा. सोडा. पुढचे.
तांदिलच्या इस्पितळात सव्वीस वर्षं हेच.
कातडी मला दिसायचीच बंद झाली होती.

म्हणूनही असेल,
पन्नाशी उलटल्यावर मी दर मंगळवारी
डॉन एवारिस्तोंच्या खोगिरांच्या दुकानामागे
स्टुलावर जाऊन बसायला लागले.
आम्ही चौघं. मी, बेकरीवाला ओस्काल्दो,
आणि त्या दोन जुळ्या बहिणी,
ज्या फक्त सरस मागायला एकमेकींशी बोलतात.

पहिल्या दिवशी शिकवलं काहीच नाही.
एकेक तुकडा दिला हातात. वास घ्या. वाकवा.
ही पाठ, हे पोट.
पोटाकडचं ताणत जातं, पट्ट्याला घेऊ नका, फसवेल.
ओस्काल्दो म्हणाला, माझंही तेच झालंय.

मग रापी. जोर नको, धार द्या.
मी जोर दिला.
मग आरी. भोक पडलं की पडलं,
इथे खाडाखोड नाही.
मग एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया,
एकाच भोकातून समोरासमोर येतात
आणि अरुंद दारात भेटलेल्या शेजारणींसारख्या
अंग चोरून एकमेकींना वाट देतात.
एक बाजू झिजून तुटली तरी, ते म्हणाले,
दुसरी धरून ठेवते.
मी ते वहीत लिहून घेतलं. मेणाचा डाग पडला त्यावर.

माझी पहिली वस्तू: किल्ल्या अडकवायची पट्टी.
अकरा टाके, त्यातले चार गावाला निघालेले.
नवव्या टाक्याला सुई कट्‌कन मोडली,
टोक सापडलं नाही. झाडलं, चुंबक फिरवला,
जुळ्यांपैकी एक पायातला जोडा काढून बघत बसली.

दुसरी वस्तू मातेच्या भोपळ्याला आवरण.
कच्चं कातडं, रात्रभर भिजवलेलं,
माशासारखं निसटतं.
त्या तुकड्यावर काटेरी तारेचा एक जुना ओरखडा होता,
बऱ्या झालेल्या जखमेचा. मला तो आवडला.
टाळून कापा, ते म्हणाले.
मी नाही टाळला. वर घट्ट शिवलं,
सैल शिवा, वाळताना ते आपलं आपण आवळतं,
हे ऐकून न ऐकल्यासारखं करून.
पुढच्या मंगळवारी आवरण उललेलं होतं,
बरोब्बर त्या ओरखड्यावर.
डॉन एवारिस्तो काहीच बोलले नाहीत.
स्वतःच्या भोपळ्यात पाणी ओतलं, नळी ओढली,
आणि खिडकीबाहेर बघत बसले बराच वेळ.

वर्षभरात काय कमावलंस, बहिणीने फोनवर विचारलं.
तिला म्हटलं, कातडंसुद्धा नाही. ते दुसऱ्यांनी कमावलेलं येतं,
मी फक्त भोकं पाडते.

पट्टी मात्र खिशात असते.
मांडीला काहीतरी टोचायचं तिचं, कधी कधी, गाडीत बसताना.
एका दुपारी पेशंट नव्हते.
टेबलावर ठेवली, दार लावलं, बटण दाबलं.
कातडं धुक्याएवढंसुद्धा उमटलं नाही.
वाकडे टाके नाहीत, कडेचा डाग नाही,
माझी सगळी लाज गायब.
काळ्यावर फक्त कडी, किल्ल्या,
आणि दोन थरांच्या मध्ये पांढरी शुभ्र,
तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी, सुई.

फिल्म घेऊन गेले दुकानात.
त्यांनी ती दिव्यासमोर धरली. डोळे बारीक केले.
म्हणाले, हाताची काढता का? अंगठा धरतो माझा हिवाळ्यात.

गुरुवारी आले. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट.
तळवा ठेवायला सांगितला तेव्हा तो टेबलावर
पसरेना, जुन्या चपलेसारखा कडांना वळलेला.
श्वास धरायची गरज नव्हती, तरी धरला त्यांनी.

दोन होती. एक आडवं, अंगठ्याच्या मुळाशी,
एक तिरकं, हाडाला टेकून.
मी बोट ठेवून दाखवलं.

हं, ते म्हणाले.
हे एकोणसत्तरचं. बापाच्या हाताखाली होतो तेव्हाचं.
ते दुसरं
कुठल्या खोगिराचं, आठवत नाही.