पावती क्रमांक सत्तेचाळीस

आचारसंहिता लागली त्या मंगळवारी
आजऱ्याच्या ठाण्यासमोर आम्ही ओळीनं बसलो,
मांडीवर आडव्या बंदुका,
तापलेलं पोर घेऊन दवाखान्यात बसावं तसे.
निवृत्त पोस्टमन बाबाजी कुरुणकर,
काजूवाला इनास फर्नांडिस,
आणि बायकांत मी एकटी :
हौसाबाई रवळू होडगे,
बारा बोअर, एक नळी, शेती संरक्षणासाठी.

हवालदारानं लिहून घेतलं :
काडतुसं नऊ, पट्टा जुना, दस्त्याला चीर.
म्हटलं, चीर माझ्या बापाच्या हातची,
पायरीवर निसटली होती त्याच्याकडनं.
त्यानं मान हलवली.
रकान्यात बाप मावत नव्हता.

ज्याच्या कमरेला गावठी कट्टा असतो
तो त्या ओळीत नव्हता.
सगळ्यांना ठाऊक होतं तो कुठाय :
मंडपात, खुर्च्या मांडत,
साहेबांच्या सभेची.

मग साहेब आमच्या वाडीतही आले.
मागं दोन पोलीस, खांद्याला कार्बाइन.
म्हणाले, मावशी, भिऊ नका,
शासन तुमच्या पाठीशी आहे.
मी पाठीशी वळून बघितलं.
काजूची झाडं होती
आणि दिवस बुडत होता.

घनसाळ दुधात आलेला.
गव्यावर बार टाकायचा नाही, हे मला
परवान्याच्या नंबरासारखं पाठ आहे.
मी आभाळात काढते बार,
आभाळानं अजून तक्रार केलेली नाही.
पण आता हातात तेलाचा डबा आणि काठी.
पहिल्या रात्री डुकरं थबकली,
दुसऱ्या रात्री ऐकत उभी राहिली,
तिसऱ्या रात्री त्यांना कळलं
की हिचं हत्यार जमा आहे.
ठाण्याला फोन लावला. वनखात्याला सांगा, म्हणाले.
वनखातं म्हणालं, सकाळी पंचनामा करू.
पंचनाम्याला पीक लागत नाही,
नासाडी लागते.

आणि डुकरांचं सोडा.
माळावरच्या एकट्या घरात
अवेळी कुत्रं भुंकायचं थांबलं की
बाईमाणसाला काय वाटतं
त्याचा अर्ज कुठल्या खिडकीत द्यायचा?

खरं आहे, खालच्या वाडीत
वरातीत कुणी बार उडवला
आणि गच्चीवरची पोर गेली.
त्या घरी मी भाकरी घेऊन गेले होते.
तिच्या आईच्या तोंडाकडं बघवलं नाही.
त्याचा परवाना जाळा, त्याला आत घाला,
मी साक्षीला येते.
पण त्याच्या मस्तीचा हिशेब
माझ्या खुंटीवर का लिहिता, मुंबईत बसून?
मी तर बंदूक आधी नाव सांगून घेतली,
पत्ता देऊन, बोटांचे ठसे देऊन.
जी आपणहून मोजली जाते
तिलाच दरवेळी पुन्हा मोजायचं,
कारण ती सापडते.

खंडेनवमी आचारसंहितेतच आली.
पाटावर विळा, कोयता, कुदळ मांडली,
झेंडूची फुलं वाहिली.
खुंटीखाली भिंतीवर बंदुकीएवढी
धुराविना राहिलेली पांढरी जागा.
मी डब्यातनं पावती काढली,
कोयत्याशेजारी ठेवली, दोन बोटं कुंकू लावलं.
भाची म्हणाली, आत्ती, कागदाची पूजा?
म्हटलं, औंदा हत्यार हेच.

निकाल लागला. गुलाल धुऊन गेला.
ठाण्यात खुर्चीवर नवा पोरगेला शिपाई.
पावती उजेडाला धरून म्हणाला,
बाई, हे लाल काय? खाडाखोड चालत नाही,
अर्ज करा नव्यानं.
मी पदराचं टोक ओलं केलं, पुसायला लागले.
कुंकू गेलं नाही.
शिक्का तेवढा गेला.