पान

दुपारी तीनला, सगळं सोहार झोपलेलं असताना
हिराताई पोंक्षे काउंटरवर मोबाईल ठेवतात.
कॅनडातून लेकाने पाठवलेला फोटो:
इवलीशी बाटली, ड्रॉपर, लेबलवर पान.
“तिकडे किराण्यासारखं मिळतं म्हणे. गुडघ्याला उतार पडतो.
पाठवू का, विचारतोय.”

मी दोन बोटांनी लेबल मोठं करतो.
पानाला सात बोटं.
टक्के धूसर, तपासणी कुणी केली त्याचा पत्ता नाही,
आणि तुमची ती रक्त पातळ करायची गोळी
या तेलाशी भांडते, ताई.
तेही सोडा.
इथला कस्टमवाला टक्के वाचत नाही.
पान वाचतो.

“अहो, शिवरात्रीला आमचे सासरे
स्वतः वाटायचे. पाट्यावर.”
बोलून जातात, आणि चटकन दाराकडे बघतात.
एसीचं पाणी बादलीत ठिबकतं.

कळवा त्याला: नको.
मोज्यात नको, पुस्तकात नको,
लाडवांच्या डब्यात तर नकोच.

एकेक अक्षर शोधत त्या लिहितात, नको बाळा.
फोटो पुसतात.
मग गुडघ्यावर तळवा ठेवून:
“आणि हे?”

बाहेर सेहेचाळीस डिग्री.
मी फळीवरून
शेकायची पिशवी काढतो.