कोबारच्या पुढे

नायंगन सोडल्यापासून आम्ही बोललेलो नाही.
एसी कालच गेला. खिडकीत ओला टॉवेल अडकवलाय,
दहा मिनिटांत पापड होतो त्याचा.
मागे नाताळचं उरलेलं हॅम
बर्फ वितळलेल्या पेटीत डुचमळतंय.

भांडण त्याच्या बहिणीच्या पत्र्याच्या शेडवरून,
म्हणजे खरं तर कशावरूनच नाही.

रस्ता सरळ. समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रकला
एरल स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करतो.
अनोळख्यांना.

मग कचकन ब्रेक.
मधोमध एक सरडा, शेपूट डोक्याइतकीच जाड,
पुढचं कुठलं, मागचं कुठलं, कळेना.
एरलनं तो टोपीत उचलला, पलीकडे नेऊन ठेवला,
ज्या बाजूला तोंड होतं त्या बाजूला.
निदान त्याला तोंड वाटलं ते.

"जोडीनं राहतात ही," तो म्हणाला.
"दुसरा असेल इथंच."
आणि इंजिन चालू केलंच नाही.

बेचाळीस डिग्री. माशा.
लाल मातीत काही हललं नाही.
ब्रोकन हिल अजून चारशे किलोमीटर.

पेटीतल्या पाण्यात टॉवेल बुडवून
मी त्याच्या मानेवर ठेवला. हॅमचा वास.
"शेडचं म्हणशील तर..."
"चल," मी म्हटलं, "गाडी काढ."