कोरडे रविवार

हार्लेकच्या वर, एका जुन्या मेंढवाड्यात
म्हाताऱ्या योर्वर्थने चादर अशी ओढली
जणू आत कुणी झोपलंय.
चंदेरी. दोन आसनांची. कमरेइतकी बुटकी.
वीस वर्षांत आठ हजार मैल,
तेही फक्त कोरड्या रविवारी.

गेथिनने हात खिशातच ठेवले.
जीव जडला की तो असंच करतो,
माझ्याही वेळी केलं होतं.

बाहेर उतारावर आमची लाल गाडी
इंजिन निवताना टिकटिकत होती.
पाच दारांची, एक लाख चाळीस हजार मैलांची.
तिच्या पोटातून आम्ही एकदा वॉशिंग मशीन आणलंय,
एकदा नुकतीच व्यायलेली मेंढी, कोकरासकट;
तो वास मागच्या सीटने अजून सोडलेला नाही.
आणि तरीही घाटात एखादी महागडी गाडी
मागे लागली, की ही कान टवकारते.

"काहीतरी खास हवंय," गेथिन महिनाभर म्हणत होता,
"पन्नाशी आली."
मी गळक्या छपराची आठवण दिली, मग गप्प बसले.

म्हातारा मात्र चंदेरीकडे पाठ करून
आमच्या गाडीभोवती दोनदा फिरला.
"हिला... पावसात काढता?"
"पावसातच. इथे दुसरं काय असतं?"
"जरा चालवू?"

दुसऱ्या वळणावर पाणी साचलं होतं.
त्याने गियर खाली घेतला
आणि ऐंशी वर्षांचा माणूस
पोरासारखा खिदळला.

परतताना गेथिन बराच वेळ बोलला नाही.
"किंमत विचारायची राहिलीच," म्हणाला शेवटी.
वायपर चालू होते.
मी काच थोडी खाली केली, मेंढीसाठी.