नऊ हजार तास

मॅनिटोबात उणे एकतीस.
गोठ्याच्या दाराशी लोडर खोकतो, थांबतो, पुन्हा खोकतो.
खाली बर्फावर तेलाचा डाग,
कालच्यापेक्षा वीतभर मोठा.

कॉर्नेलियस हातमोजा दातांनी ओढत म्हणतो,
"पंप गेलाय, आगाथा. चेनही सैल.
यात घालशील तेवढ्यात
नव्याचा पहिला हप्ता निघेल."

मीटरवर नऊ हजार एकशे चार.
त्यातले माझे किती, हेन्रिकचे किती,
मीटर सांगत नाही.

नव्याला काचेची केबिन, हीटर,
आवाज जवळजवळ नाहीच.
तिथंच मी अडते.
याची घरघर ऐकली की
आतल्या चाळीस गाई आपसूक उठतात,
शेण सोडून बाजूला सरतात.

"पंप मागव."
"आणि हे माहितीपत्रक?"
"राहू दे. शेगडीपाशी ठेव."

जाळायला की वाचायला,
त्यानं विचारलं नाही.